धाकट्याचे पाय

भरतेशच्या जेवणाकडं बघायचं नाही असं सुकुमार रोज ठरवायचा आणि रोज बघायचा.

बांधावरच्या जांभळीखाली थोरला भाऊ फडकं सोडून बसला, की तीन भाकऱ्या निघायच्या. जोंधळ्याच्या, ताटाएवढ्या. वर शेंगदाण्याची चटणी, घेवड्याची आमटी, आणि शेवटी मुठीत मावणार नाही एवढा गुळाचा खडा. तो खडा भरतेश दाढेखाली फोडायचा तेव्हाचा आवाज सुकुमारला चार सऱ्यांपलीकडं ऐकू यायचा. खाऊन झालं, की तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचं, मिशा पुसायच्या आणि कोयता उचलायचा. गोळी नाही, सुई नाही, काही नाही. आणि वय अठ्ठावन्न!

सुकुमार त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटा. त्याच्यापुढं स्टीलचा डबा. दोन फुलके, पडवळाची भाजी, बिनसाखरेचा चहा. जेवणाआधीची गोळी वेगळी, नंतरची वेगळी, रक्तदाबाची सकाळची आणि पायाला मुंग्या येतात त्याची झोपतानाची. डबा उघडताना तो भरतेशकडं पाठ करायचा, पण कान कुठं फिरवणार?

खरं म्हणजे दोघांत हेवा करायचाच तर तो भरतेशनं करायला हवा होता. वाटणीत दोघांना सारखंच रान आलं. सुकुमारनं त्यात ठिबक केलं, ट्रॅक्टर घेतला, स्लॅबचं घर बांधलं, गावच्या दूध संस्थेचा चेअरमन झाला. पोरगा आर्जव पुण्याला संगणकाच्या कंपनीत लागला. भरतेश अजून पत्र्याच्या घरात, दोन म्हशी घेऊन. लोक सुकुमारला चेअरमन म्हणत आणि भरतेशला भरतेशच म्हणत. सगळ्या शर्यती सुकुमारनं जिंकल्या, आणि मग त्याला कळलं, की बक्षीस म्हणून जे खायचं तेच डॉक्टरनं बंद केलंय. एका आईचं दूध प्यालो, एका विहिरीचं पाणी प्यालो, मग ही साखर माझ्याच वाट्याला कशी आली, ह्या एका प्रश्नानं त्याचं काळीज कुरतडून ठेवलं होतं.

त्या वर्षी ऊसतोड लांबली. टोळीवाल्यानं दोनदा तारीख दिली आणि दोन्ही वेळा माणसं दुसऱ्याच्याच फडात उतरवली. मार्च अर्धा सरल्यावर तोड आली आणि दोघा भावांची रानं एकदमच मोकळी झाली. आता त्याच मुळांवर दुसरं पीक, खोडवा, घ्यायचा म्हणून उसाचे बुडखे जमिनीलगत छाटायचे होते, तेही फुटवे यायच्या आत. छाटायचं यंत्र पंचक्रोशीत फिरत होतं आणि ते कधी येईल ह्याचा नेम नव्हता. तेव्हा भरतेशच म्हणाला, "सावड करू या. दोन दिस तुझ्यात, दोन दिस माझ्यात. बाया मी बघतो." सावड म्हटली, की घरच्या माणसानं दुसऱ्याच्या रानात स्वतः राबायचं. पैसे टाकून बदली माणूस द्यायचा नाही. थोरला भाऊ सांगतोय म्हटल्यावर चेअरमनला नाही म्हणता येईना.

सुकुमार रानात वाकून किती वर्षं झाली होती कुणास ठाऊक. मोटार मोबाईलवरून सुरू व्हायची. मोटारसायकल थेट बांधाला लागायची. फवारायला माणूस, खुरपायला बाया, नांगराला ट्रॅक्टर. त्यानं फक्त उभं राहून हात करायचे. आता कोयता घेऊन तो सरीत वाकला आणि पोट मध्ये आलं. दहा-बारा बुडखे छाटले नाहीत तोवर छातीचा भाता वाजायला लागला. शेजारच्या सरीत भरतेश मात्र चालला होता. डावा हात गुडघ्यावर, उजव्यानं सपकन घाव, की बुडखा खाली. घाव, पाऊल, घाव, पाऊल. घाम दोघांनाही आला होता. भरतेशचा घाम नुसता घाम होता.

मागं पडायचं नाही म्हणून सुकुमारनं दम खाल्ला नाही. उन्हं वर आली तशी त्याच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. हात थरथरायला लागले, जीभ जड झाली, कोयता सरीत पडला. पुढच्या सरीतली सुलाबाई ओरडली, "आवं थोरलं मालक, धाकलं मालक पडत्यात बघा!"

भरतेश चार ढांगांत आला. त्यानं सुकुमारला पाचटावर बसवलं, कमरेच्या फडक्यातून गुळाचा खडा काढला आणि सरळ त्याच्या तोंडात घातला.

"गप चघळ. बोलू नगंस."

"मला... डॉक्टरनं..."

"आत्ता डॉक्टर न्हाई हितं. चघळ म्हंतो न्हवं."

चार बाया कोयते थांबवून बघत होत्या आणि चेअरमन बारक्या पोरासारखा भावाच्या हातचा गूळ चघळत होता. कितीतरी महिन्यांत एवढं गोड त्याच्या जिभेला लागलं नव्हतं. ते भावाच्या हातून लागावं ह्याची त्याला एवढी लाज वाटली, की डोळ्यांत पाणी आलं. त्यानं ते घामात पुसून टाकलं.

जरा हुशारी आली तशी सुलाबाईच पुन्हा म्हणाली, "मालक, तुमच्या पायातनं रगात येतंय की वो!"

सुकुमारनं खाली बघितलं. उसाचं टोकदार खोडकं चपलेचं रबर फाडून तळव्यात रुतलं होतं. चप्पल लाल झाली होती. त्याला काहीच जाणवलं नव्हतं.

भरतेशनं ते उपसून काढलं. बोटभर लांब होतं. "आरं, एवढं आत गेलं आन् तुला कळलं न्हाई?"

"त्येंचं पाय म्हंजे दगूड हाईत," सुलाबाई म्हणाली. "आमच्या सासऱ्याचं असंच हुतं. बाभळीच्या काट्यावरनं अनवाणी जायाचा, पर कदी हूं म्हणून केलं न्हाई. जुनं हाड!"

बाया कौतुकानं माना डोलवायला लागल्या. सुकुमारला आत कुठंतरी गार वाटलं. त्याच्या देहाबद्दल कुणी बरं बोलल्याला जमाना झाला होता. दिवाळीत गावातल्या डॉक्टरनं सांगितलं होतं, की साखरेनं पायाच्या नसा मेल्यात, रोज तळवे तपासत जा, घरातसुद्धा चपलेशिवाय फिरू नका. ते त्यानं घरी सांगितलं नव्हतं आणि हळूहळू स्वतःलाही सांगायचं बंद केलं होतं. सुलाबाईचं बोलणं त्याला डॉक्टरच्या बोलण्यापेक्षा जास्त पटलं. भरतेशला खडा टोचला तरी तो स्स् करतो. माझं तसं नाही. माझे पाय आण्णांवर गेलेत.

आण्णा म्हणजे त्यांचे वडील. नव्वदीला टेकून गेले तोवर त्यांना म्हातारपणाशिवाय दुसरा आजार ठाऊक नव्हता.

घरी आल्यावर बायकोनं, राजमतीनं, जखमेवर हळद दाबली आणि तोंडाचा पट्टा सोडला. ती मुळातच तोंडाची फटकळ. दिवस मावळायला आला होता. शेजारी भरतेशच्या घरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता. भरतेश आणि त्याची बायको कीर्ती, दोघांचं जेवण दिवसाउजेडी व्हायचं. दिवस मावळल्यावर पाण्याखेरीज तोंडात काही नाही, हा जैनाघरचा नेम त्यांनी कधी मोडला नव्हता.

"येका आईचं दूध, येका आईचं दूध करून किती दिस रडायचं?" राजमती म्हणाली. "दूध सुटल्यावर काय काय खाल्लं त्ये सांगा की. चेअरमन झाल्यापास्नं रातचं जेवान कवा घरात केलं? हायवेच्या ढाब्यावर बसायचं, रातच्या अकराला पनीर आन् तंदुरी. सकाळी च्या संगं बिस्किटाचा पुडा. ज्येच्या दारात जाईल त्येच्या दारात साखरंचा च्या. दिसाला धा कप तरी हुत आसतील."

"सगळं गाव खातंय."

"मग सगळ्या गावाला झालंच की! मेडिकलच्या दारात किराणाच्या दुकानापरास गर्दी आसती. आदी माणसं म्हाताऱ्यापनी आजारी पडायची, आता लग्नाच्या आदी पडत्यात. तुमच्या आर्जवची सुदिक साखर काठावर हाय म्हनं. तिशी न्हाई गाठली आजून. दिसभर खुर्चीत बसतो आन् पुडकी मागवून खातो."

"मग भरतेशला का न्हाई?" सुकुमार एकदम ओरडला. "त्यो कुठला लय शाना लागून गेला? त्यो का खातोय गूळ? त्येला का पचतंय?"

राजमतीनं हळदीची वाटी खाली ठेवली. मग सावकाश म्हणाली, "तुमास्नी बरं व्हायाचं न्हाई. तुमास्नी भावजी आजारी पडायला हवं हाईत."

सुकुमारनं तोंड फिरवलं. ते खोटं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात भरतेशला ताप आला होता, तेव्हा रक्त तपासायला नेऊन सोडायला हाच पुढं झाला होता. चिठ्ठीवरचा साखरेचा आकडा त्यानंच आधी बघितला. आकडा चांगला निघाला आणि ह्याला दोन दिवस जेवण गेलं नाही.

सावड संपली त्याच आठवड्यात महाराज गावात आले. दिगंबर मुनी, हातात मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू, एवढाच संसार. दिवसातून एकदा, एकाच घरी, उभ्यानं ओंजळीत आहार घ्यायचे, आणि तेही कुणाच्या दारात थांबतील ते आधी कुणाला ठाऊक नसायचं. गावात घरोघर चौके लागले, म्हणजे त्यांच्या आहारासाठी सोवळ्यातला स्वयंपाक मांडला गेला. सुकुमारनं चौका मांडला तो स्लॅबच्या घराला शोभेल असा. नवी भांडी, विहिरीचं गाळलेलं पाणी, सोवळ्याचं पांढरंशुभ्र धोतर, आणि दारात कलश घेऊन तो उभा राहिला. शेजारच्या दारात भरतेश आणि कीर्ती. त्यांचं धोतर-लुगडं धुवून धुवून पिवळं पडलेलं.

महाराज गल्लीच्या तोंडाशी दिसले तसे सगळे म्हणायला लागले, "हे स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, अत्र तिष्ठ, तिष्ठ!" सुकुमारचा आवाज सगळ्यांत मोठा होता. महाराज त्याच्या दारापाशी आले, क्षणभर रेंगाळले, आणि पुढं होऊन भरतेशच्या पत्र्याच्या घरापुढं थांबले.

राजमती हळूच म्हणाली, "आवं, त्येंच्या मनात काय नेम आसतो कुनाला कळतो? उद्या आपल्या दारात येतील."

पण महाराज उद्या थांबणार नव्हते. त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी कुंडल गावाकडं पायी विहार होता. सुकुमारला भरतेशच्या घरातून जयजयकार ऐकू येत होता. देवानं भरतेशला शरीर दिलं, झोप दिली, भूक दिली. आता धर्मही त्याच्याच दारात?

विहाराला निघताना मुनींचं कमंडलू श्रावकानं उचलून घ्यायचं. त्या गावात रीत अशी, की ज्याच्या घरी आहार झाला त्यानंच पहिला मान घ्यायचा आणि पुढं जमेल तितकं न्यायचं. जो पुढच्या गावच्या वेशीपर्यंत एकट्यानं नेईल त्याचं नाव पुढं किती वर्षं निघायचं. आण्णांनी एकदा नेलं होतं, ते अजून म्हातारी माणसं सांगत. भरतेशनं कमंडलू उचललं, चपला काढून पिशवीत टाकल्या. ते बघून सुकुमारनंही चपला काढल्या आणि देवळाच्या पायरीखाली सारल्या.

"काय करताय?" राजमती धावत आली. "जखम हाय पायाला!"

"भरून आलीया कवाच."

"चैताचं ऊन हाय वो! डांबर बघा कसं चकाकतंय. पिशवीत तरी घ्या."

"माझं पाय दगडाचं हाईत," तो म्हणाला. "तू बायकांसंगं टेंपोतनं ये जा."

गाव सोडून रस्ता लागला. आण्णांच्या वेळी ही गाडीवाट होती, धुरळ्याची. आता दुपदरी डांबरी झाली होती, आणि तीही नुकतीच. वरची खडी अजून काळीभोर होती. महाराज खाली बघत कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावरून चालले होते. पट्टा त्यातल्या त्यात गार. कमंडलूवाला त्यांच्या बाजूनं चालणार, म्हणजे तो काळ्यावर. भरतेशच्या पलीकडं सुकुमार, तोही काळ्यावर. मागं पन्नासेक माणसं, बहुतेकांच्या पायांत चपला.

थोडं अंतर गेल्यावर महाराज मागं न बघताच म्हणाले, "ज्यांना सोसत नाही त्यांनी पायात घाला. शरीर जाळण्यात धर्म नाही."

सुकुमारला वाटलं, हे भरतेशला आहे. त्यानं तिरक्या नजरेनं बघितलं. भरतेशची पावलं आखडायला लागली होती. आधी तो टाचेवर चालला, मग बोटांवर. मग पाऊल टेकलं न टेकलं असं उचलायला लागला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, खालचा ओठ दातांत गेला. सुकुमारचे पाय मात्र सपाट पडत होते. त्याला वाटलं आपण सतरंजीवरून चाललोय. आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावाचा देह हरताना तो बघत होता, आणि त्याला एवढा आनंद झाला, की त्यानं पुढचा णमोकार मंत्र मोठ्यानं म्हटला.

कालव्याच्या पुलापाशी भरतेश थांबला.

"सुकू, धर रं. आता मला सोसंना."

"का? काय झालं?"

"भाजतंय लय. तुला भाजत न्हाई?"

"मला? छ्या!"

भरतेशनं कमंडलू त्याच्या हातात दिलं, कडेला गवतावर बसला आणि तळव्यांवर फुंकर घालत पिशवीतून चपला काढायला लागला. सगळ्या लोकांनी ते बघितलं. सुकुमार छाती काढून महाराजांच्या शेजारी चालायला लागला. मागून म्हातारे भाऊसो म्हणाले, "वाघ हाय गड्या चेअरमन! आण्णाचं रगात!" कुणी मोबाईलवर फोटो काढला. भरतेश चपला घालून लंगडत गर्दीच्या शेपटाला लागला, हे सुकुमारनं दोनदा मागं वळून बघून खात्री करून घेतली.

वाटेत दोघांनी कमंडलू मागितलं. त्यानं दिलं नाही. कुंडलच्या वेशीत वाजंत्री आली, बायका कलश घेऊन उभ्या होत्या. कमंडलू त्याच्या हातून उतरवून घेतलं तेव्हा तिथल्या पंचांनी त्याच्या गळ्यात हार घातला आणि विचारलं, "येवढं आनवानी? ह्या उन्हात?" सुकुमार नुसता हसला. त्या हसण्यासाठी तो कित्येक वर्षं उपाशी होता.

मंडपात चटई अंथरली होती. तो बसला. टेंपोतून आलेली राजमती पाण्याची बादली घेऊन आली. उजेड अजून होता. तिनं त्याच्या पायांवर तांब्या ओतला आणि तिला वाटलं चिखल आहे. म्हणून ती हातानं चोळायला गेली. तळव्याची साल तिच्या हातात आली.

ती ओरडली नाही. तिनं चटकन पदर त्याच्या पायांवर टाकला आणि इकडंतिकडं बघितलं.

"दुखत न्हाई का वो?" तिनं हळूच विचारलं.

"न्हाई की. का?"

मग त्यानं पदर बाजूला करून बघितलं. बोटांच्या खालचा भाग शिजल्यासारखा पांढरा पडला होता. मधल्या भागात डांबर आणि खडे रुतले होते. तो बराच वेळ बघत राहिला. कुणा दुसऱ्याचे पाय त्याच्यापुढं आणून ठेवल्यासारखे. गळ्यातला हार तसाच होता.

"कुनाला सांगू नगंस," तो म्हणाला. "दादाला तर आजाबात न्हाई."

आणि इथं त्यानं दुसरी चूक केली. घरी येऊन कोरफडीचा गर लावला, वर पांढरं फडकं गुंडाळलं आणि खाटेवर बसला. चेअरमनला बघायला माणसं येत, विहाराच्या गोष्टी निघत, चहा होई. राजमतीनं डॉक्टरचं नाव काढलं, की तो म्हणायचा, "दुखत न्हाई म्हंजे बरं हुतंय. दुखतंय ते आजारी." भरतेश रोज दाराची चौकट धरत लंगडत यायचा. त्याच्याही पायांना मोठे फोड आले होते, ते फुटून चिघळले होते. खाटेच्या कडेला टेकताना तो "आई गं" म्हणायचा आणि सुकुमार आपले गुंडाळलेले पाय ऐटीत लांब करायचा.

नंतर घरात वास यायला लागला. राजमतीनं त्याला न विचारता फडकं सोडलं. उजव्या पायाची दोन बोटं काळी पडली होती. तिनं भरतेशला हाक मारली आणि आर्जवला फोन केला.

आर्जव पहाटे पुण्याहून गाडी घेऊन आला. गाडीत पोरगा, त्याच्या शेजारी भरतेश, मागं राजमतीच्या मांडीवर पाय ठेवून सुकुमार. गाडी सांगलीला निघाली. आर्जवचं पोट स्टेअरिंगला टेकत होतं, ते राजमती मागून बघत होती.

दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाय बघितला, तोंड गंभीर केलं आणि आर्जवला बाहेर नेऊन बोलल्या. आत येऊन सुकुमारला सरळ सांगितलं, "काका, दोन बोटं काढावी लागणार. पाय वाचवायचा प्रयत्न करू. नसा कुठपर्यंत जिवंत आहेत ते आधी बघायचंय मला." मग त्यांचं लक्ष भरतेशच्या लंगडण्याकडं गेलं. "तुमचं काय? या, तुमचेही बघते. साफ करून देते."

दोन खाटा शेजारी-शेजारी. भरतेशला आधी घ्यायचं ठरलं. वाट बघताना तो एकदम म्हणाला, "सुकू, येक सांगू का? त्या दिशी तुझ्या हातात कमंडलू दिलं आन् चपला घातल्या. मला लय लाज वाटली रं. तू पुढं चाललास, सगळी तुला वाघ म्हनाय लागली. माझ्या पोटात आसा जाळ झाला म्हंतोस. पयल्यांदाच तुझा हेवा वाटला. घरला येऊन कीर्तीला बी बोललो न्हाई."

हे ऐकायला सुकुमारनं निम्मं आयुष्य घातलं होतं. आता ते कानांवर आलं आणि त्याला काहीच वाटलं नाही. त्याला भावाचा तळवा दिसत होता. लाल, ओला, कडेनं गुलाबी नवी कातडी धरलेला.

डॉक्टरीणबाईंनी कापसाचा बोळा लावला मात्र, भरतेश खाटेवरून उडालाच. "आई गं! आवं बाई, मेलो की! हळू!" डोळ्यांतून पाणी आलं, पाय आपोआप मागं ओढला गेला. नर्स हसली. "एवढं लागतंय म्हणजे आठ दिवसांत पळाल, आजोबा."

सुकुमारला त्या ओरडण्याचा हेवा वाटला. भाकरीचा वाटला नव्हता, गुळाचा वाटला नव्हता, आहाराचा मान मिळाला त्याचा वाटला नव्हता एवढा वाटला. त्याला तसं ओरडायचं होतं. पाय असा झटकन मागं घ्यायचा होता.

"आता तुम्ही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पडून राहा आणि डोळे मिटा. मी ठिकठिकाणी टोचणार. लागलं की सांगायचं. खरंच लागलं तरच सांगा हं."

सुकुमारनं डोळे मिटले. नर्सच्या चपला वाजल्या. पलीकडच्या खाटेची स्प्रिंग करकरली, कुणीतरी पाय घासत चाललं. ट्रेमध्ये काहीतरी खणखणलं. तो जीव कानांत आणून वाट बघत होता. आता टोचत असतील. अंगठ्याला टोचत असतील. भरतेश ऐकतोय. राजमती दारात उभी आहे. त्यानं दात आवळले, चेहरा वाकडा केला आणि थोरल्या भावासारखाच सूर काढला.

"आई गं! लागतंय! हळू वो, लय लागतंय!"

ट्रेमधलं खणखणणं थांबलं.

"काका," डॉक्टरीणबाईंचा आवाज खोलीच्या त्या टोकाकडून आला. "मी अजून सुरुवात केली नाही."

त्यानं डोळे उघडले. त्या टेबलापाशी पाठमोऱ्या, हातमोजे चढवत होत्या. आणि त्याच्या पायथ्याशी, फरशीवर उघड्या तळव्यांनी कसाबसा उभा राहून, भरतेशनं त्याचं पाऊल दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. कधीपासून धरलं होतं, सुकुमारला माहीत नव्हतं.